भिंतीपलीकडचा हिशेब

दोन वर्षांपूर्वी नववीच्या वर्गाला आम्ही एक प्रश्न घातला होता. ‘कारखान्यामुळे पर्यावरणावर होणारा परिणाम कसा कमी करता येईल? दहा ओळी लिहा.’ आमची शाळा उर्दू माध्यमाची. प्रदूषणाला आम्ही ‘आलूदगी’ म्हणतो, एवढाच काय तो फरक. बाकी उत्तरे कोणत्याही माध्यमात सारखीच येतात. धुराडे उंच करावे, सांडपाणी शुद्ध करून सोडावे, झाडे लावावीत, लोकांत जागृती करावी. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरणाचे शिक्षण सक्तीचे करायला सांगितले, त्यानंतर हा विषय शाळेत आला आणि लवकरच इतर विषयांसारखाच पाठांतराचा होऊन गेला. त्यात आमचाही वाटा आहे.

एका मुलीने मात्र दहाऐवजी पाचच ओळी लिहिल्या. त्यांचा मराठीत अर्थ असा: ‘कारखाना बंद केला तर धूर थांबेल. पण माझे अब्बा कारखान्यात आहेत. कारखाना चालू असतो तेव्हा ते रात्री खोकतात. बंद असतो तेव्हा अम्मी रात्री जागी असते. म्हणून मला याचे उत्तर येत नाही.’

आम्ही लाल पेनाने दहापैकी तीन गुण दिले आणि बाजूला लिहिले, ‘झाडे लावण्याचा मुद्दा राहिला.’

वही परत घेताना ती काही बोलली नाही. पण घरी आल्यावर त्या पाच ओळी आम्हाला काही केल्या विसरता येईनात. पन्नास मुलांपैकी प्रश्न खऱ्या अर्थाने वाचला होता तो तिनेच. बाकीच्यांनी कारखान्याने काय करावे ते लिहिले; ते केल्यावर किंवा न केल्यावर कोणाचे काय होते, हे तिने लिहिले. पहिला भाग इंजिनियरचा आहे. दुसरा नीतीचा आहे, आणि तो शिकवायला आमच्या बी.एड.च्या पुस्तकात काही नव्हते.

दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत विषय निघाला तेव्हा दोन तट पडले. एक म्हणाले, “पहले रोटी, बाद में हवा. पोट भरलेले लोक पर्यावरणाच्या गप्पा मारतात.” दुसरे म्हणाले, “जो कारखाना माणसाला आजारी पाडतो तो बंदच झाला पाहिजे. रोजगाराच्या नावावर विष विकायला कोणाला परवानगी आहे?” दोघांचेही बोलणे ऐकायला पटण्यासारखे होते. पण दोघांनीही त्या मुलीच्या अब्बांना एकच गोष्ट सांगितली: किंमत तू भर. चालू ठेवायचा तर छातीने भर, बंद करायचा तर पगाराने भर. कारखान्याचा मालक, माल घेणारा व्यापारी, तो माल वापरणारे आपण, यांच्यापैकी कोणीही त्या वादात कुठेच नव्हते.

ही केवळ शिक्षकांच्या खोलीतली गोष्ट नाही. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील १६८ घातक कारखाने शहराबाहेर हलवण्याचा आदेश दिला. हवा वाचवण्यासाठी ते आवश्यक होते. कामगारांची नोकरी अखंड धरावी, त्यांना मोबदला द्यावा, असेही त्या आदेशात होते. कारखाने बंद झाले ते ठरल्या दिवशी. मोबदला मात्र अनेक कामगारांच्या हाती पडलाच नाही. ज्यांनी वर्षानुवर्षे धूर गिळला, तो धूर थांबवण्याचा खर्चही त्यांच्याच खिशातून गेला.

मग या दोन तटांपलीकडे काही आहे की नाही? याचा विचार करताना आम्हाला आमच्याच गावातल्या एका माणसाची आठवण झाली.

वर्ध्याला मगनवाडी आहे. जमनालाल बजाज यांनी आपली ही बाग गांधीजींना दिली आणि १९३४ च्या डिसेंबरात स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम तिथून चालले. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते तिथे मगन संग्रहालय उघडले. आम्ही दरवर्षी मुलांना सहलीला तिथे नेतो. मुले चरखे पाहतात, घाणी पाहतात, डबा खातात आणि परत येतात. या संघाचे चिटणीस होते जे. सी. कुमारप्पा. तमिळ ख्रिस्ती कुटुंबातला हा माणूस लंडनला जाऊन हिशेब तपासणीचे शिक्षण घेऊन आलेला, मुंबईत स्वतःची पेढी चालवलेला, पुढे अमेरिकेत अर्थशास्त्र शिकलेला. लोक त्यांना ग्रामोद्योगवाले म्हणून ओळखतात. आम्हाला मात्र ते आधी हिशेबनीस वाटतात. मगनवाडीत बसून त्यांनी जन्मभर एकच काम केले, ते म्हणजे देशाच्या जमाखर्चात कोणती रक्कम लिहायची राहून गेली आहे ते शोधण्याचे.

त्यांचा एक विचार शाळेतल्या मुलालाही समजेल इतका सोपा आहे. संपत्ती दोन प्रकारची. एक साठ्याची: कोळसा, खनिज, पेट्रोल. वापरली की संपली, आणि संपत आली की तिच्यासाठी भांडणे आलीच. दुसरी वाहती: शेतातले पीक, जंगलातले लाकूड, ऊन, पाऊस, बैलाची ताकद. बेताने घेतली तर ती पुन्हा भरून येते. आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीत वजूचा हौद आहे. वर्ध्याचा मे महिना ज्याने काढला आहे त्याला वेगळे सांगायला नको. पारा पंचेचाळीसच्या वर गेला की हौदाची पातळी पायरी पायरीने उतरते आणि बुजुर्ग मंडळी मुलांना चुळीगणिक दटावतात. ‘हौद आहे, झरा नाही,’ हे त्यांचे वाक्य. कुमारप्पांचे सारे अर्थशास्त्र आम्हाला त्या एका वाक्यात सापडते. मशिदीत चुळभर पाण्याचा हिशेब ठेवणारे आम्ही, त्याच पाण्याचा कारखान्यातला हिशेब मात्र कधी विचारत नाही.

कुमारप्पांच्या सगळ्या गोष्टी आज जशाच्या तशा घेता येतील असे आम्ही म्हणत नाही. मोठ्या कारखान्यांवर त्यांचा भरवसा नव्हता. पण त्या मुलीचे अब्बा मोठ्याच कारखान्यात काम करतात आणि उद्या सगळे घाणीवर परत जाणार नाहीत. म्हणून आम्ही त्यांची फक्त वही आणि लेखणी उसनी घेतो. वहीत एक रकाना वाढवायचा: भिंतीपलीकडे काय गेले?

कारखान्याची वही भिंतीशी थांबते. कापूस किती आला, कोळसा कितीचा, मजुरी किती, माल कितीला गेला, हे पैशापर्यंत लिहिलेले असते. धुराड्यातून जे गेले, नाल्यातून जे गेले, कामगाराच्या छातीत जे साठले, ते कुठेच लिहिलेले नसते. मग ते नाहीसे होते काय? ते दुसऱ्यांच्या वह्यांत जाते: शेतकऱ्याच्या विहिरीच्या वहीत, दवाखान्याच्या बिलात, त्या घरातल्या रात्रीच्या जागरणात. पर्यावरणावरचा परिणाम कमी करणे म्हणजे दुसऱ्यांच्या वह्यांत ढकललेल्या या रकमा स्वतःच्या वहीत परत आणणे. आमच्या समजुतीप्रमाणे कारखान्याचे पहिले कर्तव्य हेच, आणि बाकीचे उपाय त्यातूनच निघतात.

उपाय कसे निघतात ते आम्ही एकदा पाहिले. आमचा एक जुना विद्यार्थी डिप्लोमा करून सूत रंगवण्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर झाला आहे. त्याने एका सुटीच्या दिवशी आम्हाला आत नेले. यंत्रे बंद होती, तरी कुठून तरी सापासारखा फूत्कार येत होता. तो म्हणाला, “सर, ही दाबाची हवा. पाइपांतून गळते. देखभाल नसली तर चौथा हिस्सा हवा अशीच जाते. ती दाबायला लागलेली वीज गेली, विजेचा कोळसा गेला. यंत्रे चालू असताना आवाजात हे कोणाला ऐकू येत नाही. म्हणून मी सुटीच्या दिवशी फिरतो आणि खडूने खुणा करतो.”

मग त्याने बॉयलर दाखवला. वाफ काम करून थंड झाली की तिचे गरम, स्वच्छ पाणी होते. पूर्वी ते गटारात सोडत. आता ते पुन्हा बॉयलरला देतात. बॉयलरला जाणारे पाणी ६ अंशांनी गरम असले तर इंधनात शेकडा एकाची बचत होते, असा त्यांचा अंदाज असतो. रंगाच्या विभागात सूत अनेकदा धुवावे लागते. शेवटच्या धुण्याचे पाणी जवळजवळ स्वच्छच असते. तेच पुढच्या खेपेच्या पहिल्या धुण्याला वापरले की नव्या पाण्याची एक टाकी वाचते. सुती कपड्याच्या रंगाला मीठ फार लागते आणि सगळा रंग काही सुताला धरत नाही. जो धरत नाही तो आणि ते सगळे मीठ पाण्यातून बाहेर जाते. म्हणून कमी पाण्यात रंगवणारी यंत्रे आणि अधिक चांगला धरणारे रंग घेणे, हे नंतर पाणी शुद्ध करीत बसण्यापेक्षा बरे.

“पण हे सगळे आधी कसे सुचले नाही?” आम्ही विचारले. तो हसला. “मीटर नव्हता सर. पूर्ण कारखान्याला पाण्याचा एकच मीटर. कोणता विभाग किती पितो ते कोणालाच माहीत नव्हते. प्रत्येक विभागाला वेगळा मीटर लागला आणि दुसऱ्या महिन्यापासून लोक नळ बंद करू लागले.”

त्या दिवशी आम्हाला आमच्या वर्गातल्या पन्नास उत्तरांचा दोष कळला. त्यांतला क्रम उलटा होता. आधी मोजायचे, मग मुळात कमी घ्यायचे, मग घेतलेले पुन्हा पुन्हा वापरायचे, त्यानंतर जे उरेल ते शुद्ध करायचे, आणि सर्वांत शेवटी झाडे लावायची. आपल्याकडे फाटकाशी झाडांची रांग आधी लागते, तिच्यासमोर पाहुण्यांचे फोटो निघतात आणि मीटर लागतच नाही. झाडे वाईट नाहीत. पण झाडामागे धूर लपवता येतो, मीटरमागे लपवता येत नाही.

आमच्या विदर्भाला ही पुन्हा पुन्हा वापरण्याची रीत नवीन नाही. जिनिंगमध्ये कापूस आला की रुई निघते, सरकी निघते, सरकीचे तेल निघते आणि उरलेली ढेप जनावरांपुढे जाते. शेतात उरलेली पऱ्हाटी चुलीत जाते. चिंध्या आणि रद्दीपासून हातकागद करण्याचे काम मगनवाडीत याच विचाराने चालले. टाकाऊ हा शब्द त्या व्यवस्थेत फारसा नव्हता. मोठ्या उद्योगातही हे होऊ शकते. लोखंडाच्या झोतभट्टीतून निघणारा वायू हवेत न सोडता त्यावर वीज करता येते आणि भट्टीची मळी सिमेंटला जाते. तरीही एक टन पोलाद करताना जगात सरासरी दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे काटकसरीलाही हद्द आहे आणि ती लपवू नये.

आतापर्यंतचे वाचून कोणाला वाटेल, हे सारे शेठ लोकांना सांगण्यासारखे आहे, आपला काय संबंध? म्हणून आता जरा घरातले बोलतो.

बकरी ईदला आमच्या मोहल्ल्यात कातडी गोळा होतात. ती मदरशाला दिली जातात, व्यापारी नेतात. नासू नयेत म्हणून त्यांना भरपूर मीठ लावलेले असते. लहानपणी आम्हीही ते मीठ चोळले आहे. ट्रक गेला की आमचे काम संपले असे वाटायचे. हे मीठ कुठे जाते? जिथे कातडी कमावतात तिथे आधी ते धुऊन काढतात आणि ते पाण्याबरोबर जाते. कमावण्यासाठी क्रोमियमचे क्षार लागतात, त्यांचा मोठा हिस्सा कातड्यात न मुरता पाण्यात उरतो.

तमिळनाडूत पालार नदीच्या काठी अंबूर, वाणियंबाडी, राणीपेट या गावांत शेकडो चर्मोद्योग आहेत. त्यांतले कितीतरी मालक आपलेच, उर्दू बोलणारे लोक. शाळा, दवाखाने, अनाथालये यांना त्यांनी सढळ हाताने दान दिले. पण तिथल्या नागरिकांच्या तक्रारीवर २८ ऑगस्ट १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तेव्हा त्यात नमूद झाले की, त्या पट्ट्यातील सुमारे ३५,००० हेक्टर शेतजमीन अंशतः किंवा पूर्णपणे निकामी झाली आहे. ज्याने घाण केली त्याने भरपाई करावी, हे तत्त्व त्या निकालाने आपल्या कायद्यात पक्के केले. आणि तरीही, जवळजवळ तीस वर्षांनी, जानेवारी २०२५ मध्ये त्याच पट्ट्यातल्या त्याच नुकसानीबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावे लागले.

आम्ही हे कोणाला कमी लेखण्यासाठी सांगत नाही. पण भिंतीच्या आत खैरात आणि भिंतीबाहेर क्रोमियम, हा जमाखर्च जुळतो का? ज्या शेतकऱ्याची विहीर गेली त्याला, मालकाने दुसऱ्या कोणासाठी दवाखाना बांधला, याचे समाधान कसे वाटावे? दान हे आपल्या उरलेल्यातून द्यायचे असते. दुसऱ्याचे देणे बुडवून दिलेल्या रकमेला दान म्हणणे कठीण आहे. आणि हा नियम कारखाना आपला असो वा दुसऱ्याचा, सारखाच लागू होतो. दुसऱ्याच्या धुराविरुद्ध बोलायचे आणि आपल्याच्या बाबतीत ‘कौम की बदनामी’ म्हणून गप्प बसायचे, ही सवय आपल्याला सोडावी लागेल.

तिथेही उपाय आहेतच. धुण्याआधी कातडी झटकली तर बरेच मीठ कोरडेच निघते. वापरलेल्या पाण्यातून क्रोमियम परत मिळवता येते. पण उपाय माहीत असणे आणि त्याचा खर्च कोणी उचलायचा हे ठरणे, यांत वर्षे जातात. तिरुपूरची गोष्ट तशीच. तिथल्या होजिअरीच्या रंगाऱ्यांमुळे नोय्यल नदी नासली. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ७०० हून अधिक रंगशाळा बंद करायला लावल्या. पाण्याचा थेंबही बाहेर सोडायचा नाही, अशी अट पडली. हजारो कामगारांची कामे गेली. राज्य सरकारने बिनव्याजी कर्ज दिले, सामायिक शुद्धीकरण केंद्रे सुधारली आणि आज तिथे बहुतेक पाणी आणि बरेच मीठ पुन्हा वापरात येते. होणार नाही म्हणत होते ते झाले. फुकट मात्र झाले नाही. पाणी उकळून आटवायला वीज लागते आणि शेवटी मिश्र मिठाचा न संपणारा ढीग उरतो. लहान रंगारी टिकले नाहीत, त्यांतले काही जिथे कायदा सैल आहे तिथे निघून गेले. कापड स्वस्तच हवे म्हणणारा ग्राहक मात्र होता तिथेच राहिला.

तो ग्राहक म्हणजे आपण. बाजारातल्या प्रत्येक वस्तूला तिच्या किमतीबरोबर नीतीही चिकटलेली असते आणि ती विकत घेणारा त्यातून सुटत नाही, असे कुमारप्पा मानीत. ईदच्या खरेदीत दोनशे रुपयांचा कुर्ता मिळाला म्हणून आम्हीही खूश झालो आहोत. त्या दोनशेमध्ये नदीचे किती धरले होते ते आम्ही विचारले नाही. शुद्धीकरणाचा खर्च मालकाच्या नफ्यातून काही, सरकारच्या मदतीतून काही आणि आपल्या कुर्त्याच्या किमतीतून काही निघाला, तर तो कोणालाच जड नाही. तोच सगळा एका कामगाराच्या घरावर टाकला तर ते घर मोडते. म्हणून कारखाना सुधारण्यासाठी काही महिने बंद ठेवावा लागला, तर त्या महिन्यांचा पगार हा सुधारणेच्या खर्चातच धरला पाहिजे, यंत्राच्या किमतीसारखा. जिथे हा रकाना नाही, तिथली पर्यावरणाची योजना अपुरी आहे असे आम्ही समजतो.

ती मुलगी आता अकरावीला आहे. परवा कसल्याशा दाखल्यासाठी शाळेत आली होती. आम्ही तिला सांगितले की तुझ्या त्या उत्तराला आम्ही तीन गुण दिले ते चुकले, आज आठ दिले असते. ती हसली. “अब क्या सर, वो तो कब का हो गया.” मग थांबून म्हणाली, “पर जवाब मिला क्या?”

आम्ही तिला वर लिहिले ते थोडक्यात सांगितले. बंद की चालू, हा प्रश्नच अर्धा आहे. खर्च कोण भरतो ते विचारले पाहिजे. तिने नीट ऐकून घेतले आणि म्हणाली, “अब्बा कैसे पूछेंगे सर? पूछे तो निकाल देंगे.”

यावर आमच्याजवळ लगेच काही उत्तर नव्हते. ज्याला सर्वांत जास्त माहीत आहे तोच विचारू शकत नाही. विचारू शकतो तो आमच्यासारखा, ज्याचा पगार त्या धुराड्यावर अवलंबून नाही. आणि आम्ही आजवर काय केले? झाडांचा मुद्दा राहिला म्हणून सात गुण कापले.

२००६ च्या अधिसूचनेप्रमाणे मोठा प्रकल्प उभारायचा किंवा वाढवायचा असेल तर बहुतेक वेळा जनसुनावणी घ्यावी लागते. वर्तमानपत्रात तीस दिवस आधी सूचना येते, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत ठेवलेला असतो, आणि कोणीही उठून प्रश्न विचारू शकतो. त्या सूचना आम्ही आजवर पान उलटून पुढे जात होतो. आता कात्री घेऊन बसतो. एक कात्रण शाळेच्या कपाटात आहे. तारीख जवळ आली आहे. प्रश्न आम्ही मराठीत लिहून काढले आहेत: पाण्याचे मीटर किती, ते कोण वाचते, आणि सुधारणेसाठी यंत्रे थांबली तर त्या दिवसांची मजुरी कोणाच्या वहीत? शिक्षकांच्या खोलीतले ते दोघेही बरोबर यायला तयार झाले आहेत. वाद त्यांचा अजून मिटलेला नाही, तो ते वाटेत घालतील.